सिनसिनाटी चिली घरच्या घरी: तेल नाही, परतणं नाही, फोडणी तर नाहीच

अमेरिकेत चिलीवरून लोक जितक्या हिरिरीने भांडतात, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या पदार्थावरून भांडत असतील. टेक्सासवाल्यांच्या मते चिली म्हणजे सुक्या मिरच्यांच्या दाट रश्शात शिजलेले मांसाचे तुकडे. त्यात राजमा घातला की भांडण सुरू. १९७७ साली त्यांनी ती आपला अधिकृत राज्यपदार्थ म्हणून जाहीरही करून टाकली. तिथून ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत यावं, तर लांबट अंडाकृती ताटलीत स्पॅगेटी, तिच्यावर दालचिनी-लवंगेचा वास येणारा, अगदी बारीक दाण्याचा सैलसर खिमा आणि त्यावर पिवळ्याधमक चीजचा ढीग, असा प्रकार समोर येतो. टेक्सासचा माणूस हिला चिली म्हणायलाच तयार होत नाही, आणि सिनसिनाटीकरांना त्याचं सुखदुःख नाही.

ही चिली करायला अवघड नाही. आपल्याकडच्या स्वयंपाक्याला ती अवघड जाते, कारण खिमा दिसला की आपला हात आपोआप कढईकडे जातो: आधी कांदा लाल करायचा, आलं-लसूण परतायचं, मसाल्याला तेल सुटेपर्यंत थांबायचं, मग खिमा खरपूस करायचा. इथे यातलं काहीही करायचं नाही. कच्चा खिमा थेट थंड पाण्यात कुस्करायचा आणि तसाच उकळायचा. हे वाचून नाक मुरडलं जाणार हे गृहीत धरूनच पुढचं लिहिलंय. पण रेस्टॉरंटसारखी चव आणि मुख्य म्हणजे तसा पोत हवा असेल, तर मसाल्याच्या डब्यापेक्षा या एका पायरीवर जास्त भरवसा ठेवा.

हा पदार्थ आला कुठून

१९२२ साली मॅसेडोनियातून आलेल्या टॉम आणि जॉन किरॅजिएफ या भावांनी सिनसिनाटीच्या व्हाइन स्ट्रीटवर, एम्प्रेस नावाच्या नाट्यगृहाशेजारी एक छोटं दुकान टाकलं. नाव त्याच नाट्यगृहावरून, एम्प्रेस चिली. आपल्या मुलखातला दालचिनी-लवंग घातलेला मांसाचा सॉस त्यांनी हॉट डॉगवर आणि स्पॅगेटीवर घालून विकायला सुरुवात केली आणि अमेरिकन गिऱ्हाइकाला ओळखीचं वाटावं म्हणून त्याला चिली म्हटलं. पास्तित्सिओ किंवा मुसाका हे खिम्याचे थर देऊन भाजलेले ग्रीक पदार्थ खाल्ले असतील, तर ही चव कुठून आली हे पहिल्या घासालाच कळतं.

पुढे याच वाटेने बाकीचे आले. ग्रीसमधल्या कास्तोरियाहून आलेल्या निकोलस लॅम्ब्रिनिडीस यांनी १९४९ मध्ये प्राइस हिल भागात स्कायलाइन सुरू केलं; टेकडीवरून शहराच्या इमारतींची रांग दिसायची म्हणून ते नाव. जॉर्डनहून आलेल्या दाऊद बंधूंनी १९६५ मध्ये गोल्ड स्टार काढलं. १९४० पासून चालू असलेल्या कॅम्प वॉशिंग्टन चिलीला २००० साली जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज् क्लासिक्स’ सन्मान मिळाला. स्थानिक लोक यांना ‘चिली पार्लर’ म्हणतात, आणि कुठलं पार्लर चांगलं यावर एकेका घरात दोन तट असतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. यातलं कुठलंही पार्लर आपली खरी कृती सांगत नाही. त्यामुळे घरी होते ती चिली त्या धाटणीची असते, अमुक दुकानाची हुबेहूब नक्कल नव्हे. ‘हीच ती गुप्त कृती’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सोडून द्या.

साहित्य (आठ जणांसाठी)

खिमा ९०० ग्रॅम
थंड पाणी सव्वा लिटर
कांदे २ मध्यम, अगदी बारीक चिरलेले किंवा किसलेले
लसूण ५ पाकळ्या, ठेचून
साधी टोमॅटो प्युरी सुमारे ४०० ग्रॅम
अमेरिकन पद्धतीची चिली पावडर ३ मोठे चमचे (खाली वाचल्याशिवाय घालू नका)
दालचिनी पूड दीड छोटा चमचा
जिरेपूड १ छोटा चमचा
ऑलस्पाइस पूड १ छोटा चमचा
लवंग पूड पाव छोटा चमचा
तिखट पाव ते अर्धा छोटा चमचा
तेजपान (बे लीफ) १ किंवा २
बिनसाखरेचा कोको १ मोठा चमचा (ऐच्छिक)
वूस्टरशायर सॉस १ मोठा चमचा
ॲपल सायडर व्हिनेगर २ मोठे चमचे
मीठ दीड छोट्या चमच्यापासून सुरुवात

वाढण्यासाठी: स्पॅगेटी, माइल्ड चेडर चीज, बारीक चिरलेला कच्चा कांदा, शिजवलेला राजमा, चवीला हॉट सॉस आणि छोटी खारट क्रॅकर बिस्किटं.

साहित्यातल्या चकव्याच्या जागा

सगळ्यात मोठा घोळ चिली पावडरचा. अमेरिकेत या नावाने मिळते ती डबी म्हणजे मिश्रण असतं: सौम्य सुक्या मिरच्यांची पूड, जिरे, ओरेगॅनो, लसूण पावडर, कधीकधी मीठही. आपल्याकडच्या दुकानातली चिली पावडर म्हणजे नुसतं लाल तिखट. अमेरिकन कृती वाचून आपलं तिखट तीन मोठे चमचे घातलंत तर ती चिली कुणालाच खाता येणार नाही. भारतात करत असाल तर असं मिश्रण करा: दोन मोठे चमचे ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड, दोन छोटे चमचे जिरेपूड, एक छोटा चमचा सुका ओरेगॅनो (हाताने चुरून) आणि एक छोटा चमचा लसूण पावडर. हे सगळं मिळून वरच्या तीन चमच्यांच्या जागी. रंग आणि मिरचीचा गंध हवा, झणझणीतपणा नको. ही चिली मुळात तिखट नसतेच. ज्याला तिखट हवं तो ताटलीत हॉट सॉस ओतून घेतो, पार्लरमध्ये टेबलावर बाटली त्यासाठीच ठेवलेली असते.

दुसरी गोष्ट ऑलस्पाइस. नावामुळे हे मिश्रण वाटतं, पण हे एका झाडाचं सुकवलेलं फळ आहे, मिऱ्यापेक्षा थोडं मोठं, तपकिरी. भारतात मसाल्याच्या दुकानात हे ‘कबाबचिनी’ म्हणून मिळतं, पण त्याच नावाने एक वेगळा मिऱ्याचा प्रकारही विकला जातो. ओळखायची खूण सोपी: दाण्याला बारीक शेपटीसारखा देठ असेल तर तो मिऱ्याचा प्रकार, तो नको. ऑलस्पाइसला शेपटी नसते आणि दाणा फोडून हुंगला की लवंग-दालचिनी-जायफळ असा एकत्र वास येतो. मिळालाच नाही तर अर्धा छोटा चमचा दालचिनी, पाव छोटा चमचा लवंग, पाव छोटा चमचा जायफळ आणि चिमूटभर मिरपूड घेऊन काम भागवा. ही पर्यायाची मात्रा वरच्या यादीतल्या दालचिनी-लवंगेच्या शिवाय धरायची.

तेजपानाचंही तसंच. तिकडचं बे लीफ वेगळ्या झाडाचं, त्याचा वास निलगिरीकडे झुकतो. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं. दालचिनी आधीच भरपूर असल्याने तमालपत्र वापरणार असाल तर एकच घाला.

टोमॅटोच्या बाबतीत एवढंच, की अमेरिकन ‘टोमॅटो सॉस’चा डबा म्हणजे साखर-व्हिनेगरवाला आपला बाटलीतला सॉस नव्हे. तिथे ती साधी गाळलेली प्युरी असते. केचप घातलंत तर चिली गोड होईल, आणि मग ती सुधारता येत नाही.

मांस. मूळ पदार्थ बीफचा आहे, साधारण वीस टक्के चरबी असलेल्या खिम्याचा. अमेरिकेतले आपले बरेच लोक बीफ खात नाहीत आणि टर्कीचा खिमा वापरतात. त्यात पांढरं आणि गडद असं दोन्ही मांस असलेला खिमा घ्या. नुसत्या ब्रेस्टचा भुशासारखा कोरडा लागतो. महाराष्ट्रात करायची असेल तर मटणाचा खिमा उत्तम. खाटिकाला सांगून थोडी चरबी ठेवायला लावा आणि खिमा मशीनमधून दोनदा काढून घ्या. एकदाच काढलेल्या खिम्याचे दाणे या पदार्थासाठी जाड पडतात. चिकन घेत असाल तर फक्त मांडीचं.

गोडा मसाला, गरम मसाला, मालवणी मसाला यांना हात लावू नका. मोह होतो, कारण दालचिनी-लवंग आहेच तर चमचाभर गरम मसाला का नको, असं वाटतं. पण वेलची आणि धणे आले की हा पदार्थ ओहायोतून उठून थेट आपल्या रविवारच्या जेवणात येऊन बसतो. चव वाईट लागत नाही, पण मग ती सिनसिनाटी चिली राहत नाही.

पहिला दिवस: थंड पाणी आणि कच्चा खिमा

ही चिली आदल्या दिवशी करायची असते. रविवारी जेवायला हवी तर शनिवारी दुपारी चुलीवर ठेवा. त्याच दिवशी खायचा अट्टहास असेल तर खाता येते, पण चव अर्धवट वाटते.

पाच-सहा लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या. त्यात सव्वा लिटर थंड पाणी ओता. खिमा त्यात सोडा आणि हाताने कुस्करायला लागा. बोटांमध्ये धरून, गोळे फोडत, तो पाण्यात पूर्ण विरघळल्यासारखा होईपर्यंत. दोन-तीन मिनिटांत पाणी गढूळ गुलाबी होतं आणि तळाशी हात फिरवला तर एकही गाठ लागत नाही. दिसायला अगदी कळकट दिसतं, त्याकडे लक्ष देऊ नका. हाताने नको वाटत असेल तर बटाटे कुस्करायचा मॅशर चालतो, पण गाठी बोटांनाच नीट कळतात.

हे सगळं कशासाठी? गरम कढईत खिमा पडला की बाहेरची प्रथिनं लगेच आवळतात, दाणे एकमेकांना चिकटतात आणि छोटे छोटे गोळे तयार होतात. नंतर कितीही कलथा चालवला तरी ते पूर्ण सुटत नाहीत. थंड पाण्यात मांसाचे कण आधी सुटे होतात आणि पाणी तापत जाईल तसे सुटे असतानाच शिजतात. पार्लरमधल्या चिलीचा तो रवाळ पोत, घासात कुठेही मांस चावावं न लागणं, हे सगळं यातून येतं. परतल्यावर येणारी खरपूस चव यात येत नाही, हे खरं. ती यायलाही नको, कारण ती आली की दालचिनी आणि ऑलस्पाइस मागे पडतात.

आता मध्यम आचेवर पातेलं ठेवा आणि उकळी येईपर्यंत अधूनमधून ढवळत राहा. सुरुवातीची दहा मिनिटं तळाला लागण्याची शक्यता जास्त, तेव्हा पातेल्यापासून लांब जाऊ नका. उकळी यायच्या सुमारास वर करडा फेस येईल. तो झाऱ्याने काढून टाका. सगळा निघाला नाही तरी बिघडत नाही.

फेस काढून झाला की कांदा आणि लसूण घाला, कच्चेच. कांदा जितका बारीक तितका बरा, कारण शिजल्यावर तो दिसता कामा नये. मी सरळ किसतो. मग प्युरी, सगळे मसाले, कोको, वूस्टरशायर सॉस, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि मीठ. उरलेला चमचाभर व्हिनेगर दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

कोकोबद्दल दोन शब्द. घरगुती कृतींमध्ये तो हमखास सापडतो, पण पार्लरमध्ये तो खरंच घालतात का, यावर जुना वाद आहे. चव चॉकलेटची येत नाही. रंग गडद होतो आणि टोमॅटोचा आंबटपणा थोडा दबतो. नसेल तर अडणार नाही. साखरेचं चॉकलेट मात्र चुकूनही घालू नका, आणि चिलीत वेगळी साखरही नको.

सगळं घातलं की आच मंद करा. किती मंद? पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा फुटत राहील एवढी. रटरट उकळलं तर खिमा चामट होतो. झाकण अर्धवट ठेवा, वाफ जायला फट हवी. असं तीन तास. दर वीस-पंचवीस मिनिटांनी तळापासून ढवळा.

पहिल्या तासात वास जरा अनोळखी येतो, उकडलेल्या मांसाचा आणि कच्च्या मसाल्याचा. इथे बऱ्याच जणांचा धीर सुटतो आणि ते चमचाभर आणखी काहीतरी घालतात. घालू नका. दुसऱ्या तासाच्या शेवटी वास गोलाई धरायला लागतो. तिसऱ्या तासाला कांदा विरघळून गेलेला असतो आणि रस आटून चिली आमटीपेक्षा दाट, पण नेहमीच्या खिम्यापेक्षा बरीच सैल झालेली असते. डाव वर उचलून तिरका केला तर ती सलग ओघळली पाहिजे, गोळा होऊन पडता कामा नये. स्पॅगेटीच्या फटींतून खाली उतरेल एवढं पातळपण राखायचं. जास्त आटली तर अर्धी वाटी गरम पाणी घाला. पातळ राहिली तर शेवटची वीस मिनिटं झाकण पूर्ण काढा. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावून दाट करू नका.

घाई असेल तर प्रेशर कुकर चालतो. पाणी एक लिटरवर आणा. उकळी आणून फेस काढण्यापर्यंतचं सगळं उघड्या कुकरमध्येच करा, मग मसाले घालून तळ नीट खरवडून घ्या आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं दाबाखाली शिजवा. वाफ आपोआप जाऊ द्या. कुकरमध्ये पाणी आटत नाही, त्यामुळे झाकण काढून पुढे अर्धा तास उघड्यावर मंद उकळणं आलंच. चव ऐंशी टक्के येते, असं माझं मत.

रात्र

चिली शिजली की तेजपान काढून टाका आणि ती लवकर थंड करा. भरलेलं मोठं पातेलं ओट्यावर झाकून रात्रभर ठेवायची आपल्याकडे सवय असते. मांसाच्या बाबतीत ती धोक्याची आहे. दोन-तीन उथळ भांड्यांत काढा, हवं तर ती भांडी थंड पाण्याच्या परातीत ठेवा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या.

सकाळपर्यंत वर नारिंगी-लाल चरबीचा घट्ट थर जमलेला असतो. मटणाचा असेल तर जास्त कडक, टर्कीचा असेल तर पातळसा. चमच्याने कड सोडवली की तो पापुद्र्यासारखा सुटून येतो. पुष्कळ कृतींत हा थर पूर्ण फेकून द्यायला सांगतात. माझं ऐकाल तर एक-दोन मोठे चमचे परत चिलीत घाला. मिरचीचा रंग, तिचा गंध, दालचिनीचं तेल हे सगळं पाण्यापेक्षा चरबीत जास्त उतरतं. फोडणी न देता मसाला शिजवल्यावर त्याचा स्वाद गेला कुठे, या शंकेचं उत्तर त्या थरात आहे. सगळा काढून टाकलात तर चिली चवीला पोकळ लागते आणि सगळा ठेवलात तर टाळूला चिकटते.

दुसरा दिवस: चव बसवणं

मंद आचेवर चिली पुन्हा गरम करा, चांगली उकळी येऊ द्या. फ्रिजमध्ये ती घट्ट झालेली असते, त्यामुळे आधी पाणी ओतायची घाई करू नका; गरम झाल्यावर सैल होते का बघा.

आता चाखा. नुसती चमच्याने चाखायची असेल तर लक्षात ठेवा, पुढे हिच्याखाली फिकी स्पॅगेटी येणार आहे. म्हणजे चिली नुसती खाताना किंचित खारट वाटली पाहिजे. राखून ठेवलेला चमचाभर व्हिनेगर आत्ता घाला, दोन मिनिटं थांबा आणि परत चाखा. जड, बोजड वाटणारी चिली यानेच जागी होते. दालचिनीचा वास आला पाहिजे, पण जिभेवर ती पहिल्याने येता कामा नये. दालचिनी जास्तच झाली असेल तर थोडी जिरेपूड आणि मीठ तिला मागे ढकलतं.

स्पॅगेटी, चीज, राजमा, कांदा

स्पॅगेटी माणशी ७० ग्रॅमच्या आसपास, कोरडी असतानाचं वजन. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त शिजवा. इटालियन माणूस ऐकून कपाळावर हात मारेल, पण ही स्पॅगेटी काट्याभोवती गुंडाळून खायची नसते, काट्याच्या कडेने कापत खायची असते. कडक राहिली तर वरचा सगळा थर घसरतो. पाणी काढून थोडं लोणी चोळून ठेवा.

चीज हा या ताटलीतला दुसरा महत्त्वाचा खेळ. माइल्ड चेडर घ्या, नारिंगी-पिवळा. तो रंग अ‍ॅनॅटोच्या बियांचा असतो, चवीशी त्याचा फार संबंध नाही. आधीच किसलेलं पाकिटातलं चीज घेऊ नका. धागे चिकटू नयेत म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे ते नीट वितळत नाही आणि धागेही जाड असतात. चीजची वडी पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि किसणीच्या बारीक बाजूने किसा. धागे इतके बारीक यायला हवेत, की हातात घेतल्यावर वजन वाटू नये. माणशी ५० ग्रॅम लागतं. आकडा जास्त वाटेल, पण ढीग केल्याशिवाय ही ताटली खरी दिसत नाही. खालचं चीज चिलीच्या उष्णतेने वितळतं, वरचं तसंच मोकळं राहतं आणि तोच त्यातला आनंद. भारतातलं नेहमीचं प्रोसेस्ड चीज चालतं, पण ते लगेच चिकट होतं. ताट समोर आल्यावरच किसून घाला.

राजमा चिलीत शिजवत नाहीत, वेगळा वाढतात. डब्यातला असेल तर धुऊन गरम करा. कोरडा असेल तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि कुकरमध्ये मऊ शिजवा. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा टाकू नका: कच्च्या राजम्यातला लेक्टिन हा विषारी घटक जायला किमान दहा मिनिटं खळखळती उकळी लागते, आणि स्लो कुकरचं तापमान तेवढं जात नाही. शिजलेल्या राजम्यात चिमूटभर मीठ पुरे.

कांदा पांढरा किंवा पिवळा, अगदी बारीक चिरलेला. उग्र असेल तर दहा मिनिटं थंड पाण्यात ठेवून कोरडा करा.

वाढायचं कसं

पार्लरमध्ये ऑर्डर आकड्यात देतात. स्पॅगेटी आणि चिली म्हणजे टू-वे. वर चीज आलं की थ्री-वे; सर्वांत जास्त हीच खपते. फोर-वेमध्ये कांदा किंवा राजमा यांतलं एक, कुठलं ते सांगावं लागतं. दोन्ही हवे तर फाइव्ह-वे. क्रम असा: तळाला स्पॅगेटी, त्यावर चिली, मग राजमा, मग कांदा आणि सगळ्यात वर चीज. चीज कधीच मध्ये जात नाही.

घरी करताना सगळं आधी हाताशी मांडून ठेवा. पार्लरमधले आचारी गरम पाण्याच्या ट्रेसमोर उभे राहून एकेक ताटली काही सेकंदांत भरतात, ते उगाच नाही. स्पॅगेटी गार झाली, चिली कोमट राहिली की खालचं चीज वितळत नाही. ताटल्या गरम पाण्यातून काढून पुसून घेतल्या तर आणखी चांगलं. प्रत्येकी एक डाव भरून चिली, म्हणजे पाऊण ते एक वाटी, पसरून घाला. स्पॅगेटी पूर्ण झाकली गेली पाहिजे.

आणि खाताना कालवायचं नाही. आपल्याला भात कालवायची सवय, त्यामुळे पहिल्यांदा हात थांबत नाही. काट्याच्या कडेने एका बाजूने कापत जायचं, म्हणजे प्रत्येक घासात सगळे थर येतात. सिनसिनाटीत कुणी स्पॅगेटी काट्याला गुंडाळायला लागला की शेजारच्या टेबलाला कळतं, पाहुणा बाहेरगावचा आहे. सोबतची छोटी गोल बिस्किटं ‘ऑयस्टर क्रॅकर’ नावाने मिळतात, त्यांत ऑयस्टर नसतात. ती नुसती खा किंवा वर चुरा. भारतात कुठलंही खारट क्रॅकर बिस्किट चालेल.

उरलेल्या चिलीचं कोनी करा. हा तिथला छोटा हॉट डॉग: वाफवलेला मऊ पाव, आत बोटभर सॉसेज, पिवळ्या मोहरीच्या सॉसची एक रेघ, वर चिली, कांदा आणि तोच चीजचा ढीग. कोनीसाठी चिली जरा आटवून घ्या, नाहीतर पाव तळाशी फाटतो. चिकन सॉसेजही छान लागतं. पाव भाजू नका, इडलीपात्रात मिनिटभर वाफवा.

शाकाहारी घरासाठी

दीडशे ग्रॅम सोया ग्रॅन्यूल गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा, म्हणजे सोयाचा वास जातो. सोबत अडीचशे ग्रॅम मश्रूम मिक्सरमध्ये जाडसर फिरवून घ्या. पाणी एक लिटर पुरे, वेळ तासभर. मांसाची चरबी नसल्याने मसाल्याला धरायला काही राहत नाही, म्हणून इथे दोन मोठे चमचे लोणी किंवा तेल शिजताना घाला. बहुतेक वूस्टरशायर सॉसमध्ये मासे असतात, त्यामुळे त्याऐवजी एक छोटा चमचा सोया सॉस आणि सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ. चिंच मूळ सॉसमध्येही असतेच. सोया सॉस खारट असतो, मीठ त्या बेताने. रात्रभर मुरवणं इथेही चुकवू नका.

साठवण

फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये तीन महिने चव टिकते. मी एकदम दुप्पट करतो आणि दोन माणसांपुरती चिली झिपच्या पिशव्यांमध्ये भरून, हवा काढून, ताटात आडव्या ठेवून गोठवतो. चपट्या पिशव्या लवकर वितळतात आणि पुस्तकांसारख्या उभ्या रचता येतात. आदल्या रात्री पिशवी फ्रिजमध्ये उतरवून ठेवायची, पातेल्यात उकळी आणायची आणि शेवटी पुन्हा अर्धा चमचा व्हिनेगर, कारण गोठवल्यावर आंबटपणा थोडा मावळतो. स्पॅगेटी मात्र दर वेळी ताजी शिजवा.